नीती, सचोटी आणि श्रद्धा : वयात आलेल्या मुलांशी बोलताना ठाण्यातल्या पालकांना पडणारे प्रश्न

मी नौपाड्यात राहते आणि वीसहून अधिक वर्षं आठवी ते दहावीच्या वर्गांना मराठी शिकवते. पालकसभेत मार्कांचं बोलून झालं, वर्ग रिकामा झाला की कुणीतरी दाराशी थांबतंच. "बाई, एक विचारायचं होतं." मुलगा खोटं बोलतो, मुलगी देवाला हात जोडत नाही, कॉपी पकडली गेली, पाकिटातून पैसे गेले. इतक्या वर्षांत प्रश्न फारसे बदलले नाहीत, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. शिक्षिका आहे आणि एका मुलाची आई आहे.

पुढच्या बहुतेक उत्तरांत एकच गोष्ट वेगवेगळ्या वाटांनी येईल, ती आधीच सांगते. प्रत्येक घरात खरं बोलण्याची एक किंमत ठरलेली असते आणि मुलांना ती तोंडपाठ असते. ती मुलाला परवडेल अशी ठेवणं आईबापांच्या हातात आहे.

मुलगा धडधडीत खोटं बोलतो. आमचे संस्कार कुठे कमी पडले?

संस्कारांवर नंतर येऊ. मागच्या वेळी त्याने खरं सांगितलं तेव्हा घरात काय झालं होतं?

एका आईला मी हे विचारलं. तिने आठवून सांगितलं, "चाचणीत नापास झाल्याचं त्याने स्वतःहून सांगितलं होतं." मग? मोबाइल काढून घेतला, बाबांनी दोन दिवस अबोला धरला आणि रविवारी मामा जेवायला आला तेव्हा त्याच्यासमोर विषय निघाला. पुढच्या चाचणीच्या पेपरावर त्या मुलाने आईची सही स्वतःच ठोकली. सहीतला 'र' मी लगेच ओळखला. त्याच्या निबंधातही 'र'ची शेपटी अशीच खाली ओढलेली असते.

म्हणजे शिक्षा करायचीच नाही का? करायची, पण दोन खाती वेगळी ठेवायची. नापास होणं हे एक खातं, खोटं बोलणं हे दुसरं. स्वतःहून खरं सांगितलं तर पहिल्या खात्याचाच हिशोब होईल, हे मुलाला आधी सांगून ठेवायचं आणि मग राग कितीही आला तरी शब्द पाळायचा. मामासमोर तो विषय काढायचा नाही.

आणि सापळे लावू नका. तो क्लासला गेला नव्हता हे तुम्हाला ठाऊक असताना "आज क्लासला काय शिकवलं?" असं विचारलंत, तर ते खोटं तुम्हीच त्याच्या तोंडून वदवून घेतलंत. त्यापेक्षा सरळ म्हणा, "तू क्लासला नव्हतास हे मला कळलंय. काय झालं ते सांग."

समोर बसवून बोलायला गेलं की "हं", "माहीत नाही", "ठीक आहे" याच्यापुढे गाडी जात नाही.

समोर बसवू नका. या वयात समोरासमोरची खुर्ची म्हणजे आरोपीचा पिंजरा वाटतो. शेजारी शेजारी चालताना, भाजी निवडताना, बसमध्ये पुढे बघत बसल्यावर मुलं बोलतात. माझ्या मुलाशी माझं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं तलावपाळीला झालं आहे. शेंगदाण्याची पुडी त्याच्या हातात, मी डावीकडे, तलाव उजवीकडे. पहिली फेरी पूर्ण होईपर्यंत तो क्रिकेटवरच बोलतो. खरं काय ते दुसऱ्या फेरीत, चिंतामणी चौकाच्या आसपास बाहेर येतं. तेव्हा घाई करून पहिल्याच फेरीत घरी परतू नका.

रात्री दिवे मालवल्यावर आलेला प्रश्नही परत पाठवू नका. सकाळी तो प्रश्न राहत नाही.

मुलीला कॉपी करताना पकडलं. आम्ही हादरलोय.

हादरणं साहजिक आहे. माझ्याच वर्गातला एक प्रसंग सांगते. सहामाहीला बीजगणिताच्या पेपराला मी पर्यवेक्षक होते. एक मुलगी कंपास पेटीचं झाकण सारखं अर्धवट उघडत होती. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने सूत्रं लिहिली होती, इतकी बारीक की ती लिहायला तिला पाऊण तास तरी लागला असेल. तेवढ्या वेळात ती पाठ झाली असती. पेपर काढून घेतल्यावर ती रडली नाही. म्हणाली, "बाई, आमच्याकडे ऐंशीच्या खाली चालत नाही."

शाळेच्या नियमाप्रमाणे जे व्हायचं ते झालं. त्याशिवाय शनिवारी मी तिला तसाच दुसरा पेपर सोडवायला दिला, आई शेजारच्या बाकावर बसलेली. ५४ मार्क पडले. आईने तो आकडा बराच वेळ बघितला आणि मग विचारलं, "तुला नेमकं काय येत नाही?" त्या मुलीला हा प्रश्न त्या वर्षी पहिल्यांदा विचारला गेला होता.

म्हणून कॉपीबद्दल बोलताना दोन गोष्टी हव्यात. पहिली, नुकसान कुणाचं झालं ते नावानिशी बोला. "कॉपी पाप आहे" हे हवेत विरतं. शेजारच्या बाकावरची मैत्रीण दोन महिने पहाटे उठली आणि तिचा नंबर तुझ्यामागे गेला, हे मुलांना टोचतं, कारण न्याय-अन्यायाची चाड या वयात फार तीव्र असते. दुसरी, चूक दुरुस्त करायची संधी द्या. नुसती लाज दिली तर मूल पुढच्या वेळी फक्त जास्त सावध होतं.

दहावी-बारावीच्या मुलांना हेही स्पष्ट सांगा की परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी महाराष्ट्रात १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे. मात्र बोलण्याची सुरुवात कायद्याच्या धाकाने करू नका.

मुलगा अकरावीला आहे. कॉलेजात नाव आहे, पण जातो फक्त क्लासला. हजेरीचं "बघितलं जातं". हे आम्हीच ठरवलंय. आता सचोटीवर कुठल्या तोंडाने बोलू?

हा प्रश्न विचारायला धैर्य लागतं. विचारणाऱ्या बाबांचे डोळे खाली होते.

नीट आणि जेईईच्या मागे धावताना ठाणे-नवी मुंबईतली किती घरं या वाटेने गेली आहेत, ते आपण सगळे जाणतो. मुलाला आज कॉलेजात परत पाठवा, असा सल्ला मी देणार नाही. त्याची दोन वर्षं कशी जावीत हे तुम्ही जाणता. पण "सगळेच करतात" हे वाक्य घरातून काढून टाका. त्याऐवजी म्हणा, "हे बरोबर नाही हे आम्हाला कळतं. आम्ही भीतीपोटी हे केलं. याची जबाबदारी आमची आहे, तुझी नाही." मुलगा ऐकून गप्प बसेल, पण चूक करणारा माणूस तिला चूक म्हणू शकतो हे त्याने पाहिलेलं असेल.

आणि निदान प्रॅक्टिकलची जर्नल त्याची त्याला लिहू द्या. पैसे देऊन लिहून घेतलेली नको. आजारपणाचं खोटं सर्टिफिकेटही नको. एक पाऊल चुकीचं पडलं म्हणून दहा टाकायची गरज नसते.

प्रोजेक्ट चॅटजीपीटीकडून लिहून घेतो. ही कॉपीच ना?

त्याला विचारा, "यातला कुठला परिच्छेद तू मला वही न बघता समजावून सांगशील?" सांगता आला तर त्याने मदत घेतली. नाही आला तर दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर दिलं. ही कसोटी मुलं विनातक्रार मान्य करतात, मी वर्गात वापरते. शिक्षकांनी मनाई केली असेल तर मग चर्चेला जागा नाही.

आमची स्वतःची चूक मुलांसमोर कबूल करावी का? मान राहील का?

माझा मुलगा तेरा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. ठाणे स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत उभे होतो, कल्याणला लग्नाला जायचं होतं. रेल्वेत पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना अर्धं तिकीट असतं. तो अंगाने बारीक. खिडकीशी पोचल्यावर माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "एक फुल, एक हाफ." पैसे किती वाचले? पाच रुपयेसुद्धा नसतील.

तो काही बोलला नाही. गाडीत बसल्यावर मुंब्र्याच्या खाडीकडे बघत म्हणाला, "आई, टीसी आला तर मी किती वर्षांचा आहे?"

त्याने वय नव्हतं विचारलं. आज कुठलं उत्तर द्यायचं ते विचारलं होतं. मी त्याला तिथेच, शेजारच्या बायका ऐकत असताना सांगितलं की तेरा, मी चुकले, टीसी आला तर दंड मी भरेन. परतताना दोन पूर्ण तिकिटं काढली. माझी मान गेली असेल तर तेवढ्या प्रवासापुरती. पुढच्याच आठवड्यात त्याने मला स्वतःहून सांगितलं की गणिताच्या सरांनी वर्गाबाहेर काढलं होतं, आणि का काढलं होतं तेही.

तेव्हा होय, कबूल करा. फक्त त्याला "पण"ची शेपटी लावू नका. "मी चुकले, पण तूही..." हा माफीचा मुखवटा मुलं लगेच ओळखतात.

सोळा वर्षांचा मुलगा स्कूटर मागतोय. "सगळे मित्र चालवतात" म्हणतो.

हा नीतीचा प्रश्न आहे आणि जिवाचाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो बिनगिअरच्या, पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीचा. आपल्या सोसायट्यांत उभ्या असलेल्या पेट्रोल स्कूटर बहुतेक शंभर सीसीच्या वरच्या आहेत, म्हणजे अठरा पूर्ण हवीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही.

तो म्हणेल, "मी एकटा नीट चालवतो." कदाचित चालवत असेलही. अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली गाडी चालवण्याच्या संगणकी खेळावर एक प्रयोग मांडला. एकटी असताना किशोरवयीन मुलं मोठ्यांइतपतच धोका पत्करत होती. दोस्त बघत असताना त्यांचा धोका पत्करणं कितीतरी वाढलं, मोठ्यांचं वाढलं नाही. मागे मित्र बसलाय, घोडबंदर रोड रात्री मोकळा आहे, आणि येऊरला जायचं ठरलंय. अशा वेळी त्याचा चांगुलपणा नव्हे, त्याचं वय गाडी चालवतं. हे त्याला असंच सांगा. तो वाईट आहे म्हणून चावी नाकारत नाही, एवढं त्याला कळलं पाहिजे.

आणि तुम्ही कोपऱ्यावरून दूध आणायला त्याला चावी देत असाल, तर आजपासून ते बंद.

पाकिटातून पैसे जातात. मोबाइलवरच्या खेळात घालवतो असा संशय आहे.

संशयावर घरातल्या मावशींना किंवा वॉचमनला कधीही विचारू नका. मुलाच्या चुकीचं ओझं गरिबाच्या डोक्यावर गेलं तर मूल आयुष्यभर ते विसरत नाही, किंवा त्याहून वाईट, ते सोयीचं आहे असं शिकतं.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. तरीही चोरवाटा राहतात. मुलाला रक्कम विचारा, आणि आकडा ऐकून चेहरा शांत ठेवा. हे फार अवघड आहे, मला माहीत आहे. मुलं आधी निम्मा आकडा सांगतात आणि तुमचा चेहरा बघून उरलेला सांगायचा की नाही ते ठरवतात. मग फेडीचा हिशोब कागदावर मांडा : पॉकेटमनीतून दरमहा किती, कधीपर्यंत. आणि पाकीट कपाटात बंद करून ठेवू नका, जिथे असायचं तिथेच ठेवा. विश्वास परत टाकल्याशिवाय तो परत कमावता येत नाही.

मित्र सिगरेट ओढतो हे माझ्या मुलीने मला सांगितलं, आणि "कुणाला सांगू नकोस" म्हणाली. मी त्याच्या आईला सांगू का?

मुलांच्या जगात चुगलीइतकं मोठं पाप नाही. मोठ्यांना ते क्षुल्लक वाटतं, पण त्यांची नीतीची पहिली कमाई हीच असते : शब्द दिला तर पाळायचा.

मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग मुलांना एक पेच घालत. एकाची बायको मरणाच्या दारात आहे, औषध एकाच औषधवाल्याकडे आहे आणि तो अवाच्या सवा किंमत मागतो. नवऱ्याकडे तेवढे पैसे नाहीत. त्याने चोरी करावी का? कोलबर्ग उत्तर "हो" की "नाही" याला महत्त्व देत नसत, मूल "का" म्हणून काय सांगतं ते ऐकत. पुढे कॅरोल गिलिगन यांनी १९८२ साली आक्षेप घेतला की नियम आणि हक्कांच्या या तराजूत माणसामाणसांतल्या काळजीला पुरेसं वजनच नाही. मला दोघांचंही पटतं. तुमच्या मुलीला आधी "का" विचारा. का लपवायचं? मैत्री जाईल म्हणून, की त्याला घरी मार बसेल म्हणून?

मग तिच्यासोबत रेघ आखा. सिगरेट असेल तर तिनेच त्याला सांगावं, "मला काळजी वाटते, तू घरी बोल," आणि तुम्ही तिच्या नकळत फोन उचलू नका. पण जिवाचा प्रश्न असेल, स्वतःला इजा करण्याचं बोलणं असेल, कुणी मोठा माणूस त्रास देत असेल, तर गुपित पाळायचं नसतं. ही रेघ वेळ येण्याआधीच आखलेली हवी, आणि ती ओलांडाल तेव्हा मुलीला आधी सांगा.

मुलगी म्हणते, मी देव मानत नाही. गणपतीत आरतीला उभी राहिली नाही. सासूबाई रडल्या.

यावर मी सविस्तर लिहिते, कारण गणेशोत्सवानंतरच्या महिन्यात हा प्रश्न दरवर्षी येतो.

आधी तिचं म्हणणं पूर्ण ऐका. "देव मानत नाही" या तीन शब्दांमागे बरंच काही वेगवेगळं असू शकतं. आजोबांसाठी सगळ्यांनी प्रार्थना केली आणि तरी ते गेले. किंवा मंडपात देवासमोर भक्तिभावाने उभे राहणारे काका घरी काकूवर हात उगारतात, हे तिने बघितलंय. किंवा तिने वाचलं, विचार केला आणि तिला खरंच पटत नाही. पहिलं दुःख आहे, दुसरा राग आहे, तिसरा विचार आहे. तिन्हींना एकच औषध चालत नाही. दुसऱ्या प्रकारच्या मुलीला तर मी धार्मिकच म्हणेन. तिला देवाकडून आणि देवाच्या माणसांकडून काहीतरी अपेक्षा आहे.

आपल्या परंपरेत प्रश्नाला जागा नाही असं तिला वाटत असेल तर ते चूक आहे. गाडगेबाबा कीर्तनाला उभे राहायचे ते श्रोत्यांना प्रश्न विचारतच, आणि कीर्तनाआधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचे. त्यांना कुणी अधार्मिक म्हणत नाही. आणि आपल्या संविधानाचं कलम २५ सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं. मानण्याचं, तसंच न मानण्याचंही.

आता आरती. श्रद्धा मागता येत नाही, पण सौजन्य मागता येतं. तिला म्हणा, "टाळ्या वाजवू नकोस, डोळे मिटू नकोस. पण आजीच्या दहा मिनिटांत तिच्या शेजारी उभी राहा, कारण आजी तुझी आहे." आणि सासूबाईंनाही सांगा की नातीने खोटे हात जोडण्यापेक्षा खरं सांगितलं. मी एका घरात बघितलं, मुलीने आरती म्हटली नाही, पण एकवीस मोदकांच्या कळ्या आजीच्या हाताखाली बसून तिनेच पाडल्या. आजीचं बोट तिच्या बोटावर, उकड गरम, आणि कळी फाटली की दोघी हसत. त्या स्वयंपाकघरात श्रद्धेची जी शिकवणी चालली होती, तिच्यात मी भर घालू शकले नसते.

पाळीत देवघरात जायचं नाही असं आईंनी सांगितलं. मुलगी विचारते का. मला उत्तर येत नाही.

उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा. शास्त्रीय मुलामा देऊ नका. "त्या काळात विश्रांती मिळावी म्हणून" हे सांगितलंत तर ती विचारेल, मग भांडी कशी घासायला चालतात? माझ्या घरी मी ही शिवाशिव थांबवली. सासूबाईंशी दोन वर्षं बोलून थांबवली, भांडून नाही. तुमचा निर्णय तुम्ही घ्या, पण मुलीला स्वतःचं शरीर अपवित्र वाटेल असा शब्द घरात उच्चारला जाऊ देऊ नका.

नवस बोलणं ही श्रद्धा की अंधश्रद्धा? मुलगा वाद घालतो.

घालू द्या. माझी फूटपट्टी साधी आहे : यात कुणाचं शोषण होतंय का, कुणाला भीती घातली जातेय का, आणि करायचं काम टळतंय का? परीक्षेआधी कोपिनेश्वराला जाऊन येणं यांपैकी कशातच बसत नाही. "अमुक विधी केला नाही तर मुलगा नापास होईल" म्हणून हजारो रुपये मागणारा माणूस पहिल्या दोन्हींत बसतो.

मुलाला हेही सांगा की महाराष्ट्रात असल्या शोषणाविरुद्ध जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो सहज मिळालेला नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला निघालेले असताना त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. देव-धर्माला विरोध नाही, शोषणाला आहे, असं ते सतत सांगत. सश्रद्ध घरातही हे बोलायला हरकत नाही. उलट तिथेच बोलावं.

रील्स बघून मुलगा दुसऱ्या धर्माच्या लोकांबद्दल वाटेल ते बोलतो.

व्याख्यान देऊ नका. विचारा, "तुझ्या ओळखीचं त्यातलं कोण आहे?" बहुतेकदा उत्तर "कोणी नाही" असतं, नाहीतर "तो वेगळा आहे". मग रविवारी त्याला घेऊन गावात फिरा. मासुंदा तलावाच्या काठी कोपिनेश्वराचं देऊळ आहे आणि सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चही. टेंभी नाक्याजवळ ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, १८७९ सालचं, आणि ते बांधणारे बेने इस्राएल लोक घरात तुमच्या-माझ्यासारखी मराठी बोलतात. ठाण्यातली मुलं ठाण्यात वाढतात आणि हे त्यांना माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काका तसले मेसेज टाकतात तेव्हा तुम्ही अंगठा दाखवता की गप्प राहता की "हे खरं आहे का?" विचारता, तेही तो बघतोय.

आमच्या घरात देवधर्म नाही. मग नीतीला आधार कशाचा?

त्याच गोष्टींचा, ज्यांचा सश्रद्ध घरातही असतो : दिलेला शब्द, दुसऱ्याचं दुखणं दिसणं, चूक मान्य करणं. फक्त मूल कुणाबरोबर देवळात, बुद्धविहारात किंवा दर्ग्यात जाऊ लागलं तर हसू नका. न मानणाऱ्या घरातही मुलाला खरं सांगायची भीती वाटू शकते.

घरी बोलून जमत नाही. बाहेर मदत कधी घ्यावी?

खोटं आणि चोरी महिनोन्महिने चालू आहे, मूल जेवत-झोपत नाही, शाळा टाळतं, किंवा "मी वाईटच आहे", "मी नसलेलंच बरं" असं काही बोलतं, तेव्हा थांबू नका. अपराधीपणा अंगावर कोसळला की मूल नीतीच्या नव्हे, दुखण्याच्या हद्दीत गेलेलं असतं. आधी शाळेच्या समुपदेशकांना भेटा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर मोफत आहे, दिवसरात्र सुरू असते आणि मराठीत बोलता येतं. मुलाला कुणी त्रास देत असेल तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे, तिथे मूल स्वतःही फोन करू शकतं. दोन्ही नंबर कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवा, म्हणजे तुमच्याकडे न मागताही ते मुलाच्या हाताशी राहतील.